भरणारं घर

आपल्या भाषेत 'भरणे' हे क्रियापद फार सोशीक आहे. त्याच्या डोक्यावर काहीही ठेवा, बिचारं वाहून नेतं. घागर भरायची ती याच शब्दानं, फी भरायची ती याच शब्दानं. बाजार भरतो, माणसाचे दिवस भरतात, ऊर भरून येतो आणि वेळ पडली तर सासूचे कानही भरता येतात. एवढ्या गर्दीत कुणाचा कधी घोटाळा होत नाही. किल्लारीला लागून असलेल्या एका लहान गावातल्या देविदासचा मात्र झाला. तो चार वर्षं टिकला, आणि ती चार वर्षं देविदासच्या अलीकडच्या आयुष्यातली सगळ्यात बरी होती.

भूकंपाच्या आधी देविदास गवंडी होता. दगडमातीच्या रुंद भिंती बांधायचा, त्यावर धाब्याची घरं उभी राहायची. गणपती बोळवून आल्यावर त्या रात्री तो आणि त्याचा पोरगा वैजनाथ दमून शाळेच्या ओट्यावरच आडवे झाले. बायको नागाबाई आणि धाकटी लेक घरी होत्या, त्यानंच बांधलेल्या घरात. पहाटे काय झालं ते त्या भागात कुणी कुणाला सांगत बसत नाही, त्यामुळं इथंही सांगत नाही. देविदासनं पुन्हा थापी हातात धरली नाही एवढं सांगितलं की पुरे.

मग ट्रक आले. चादरी, भांडी, बिस्किटं, मेणबत्त्या आणि अख्ख्या देशाचे जुने कपडे घेऊन आले. या प्रकाराला 'वाटप' म्हणतात हे गावाला तेव्हा कळलं. वाटपाला रांग असायची, रांगेच्या तोंडाशी टेबल आणि टेबलामागं फोटोवाला. देण्याची वेळ आली की फोटोवाला सांगायचा, "हात पुढं करा, दोन्ही. मान जरा खाली. बघा मात्र इकडं." देविदास हे लवकर शिकला. तसाही तो शिकायला हुशार होता, आणि त्या दिवसांत शिकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कपड्यांच्या ढिगातून त्याला एकदा काळा कोट मिळाला, आतल्या खिशावर कुठल्याशा लॉन्ड्रीचा शिक्का असलेला. तो घालून तो लग्नकार्याला जायचा आणि लोक त्याला वकील म्हणून चिडवायचे.

घरंही मिळाली, ज्याची जेवढी जमीन तेवढं मोठं. देविदासला जमीन नव्हतीच, म्हणून सगळ्यात लहान. किल्लीचं वाटप झालं तेव्हाही फोटो निघाला. त्या सगळ्या फोटोंत देविदास सारखाच दिसतो, नुसती हातातली वस्तू बदलते.

कुणी वाईट वागलं असं नाही. लोक चांगलेच होते, लांबून आले होते, काही जण देताना रडायचे. देविदासला मात्र ना रडू यायचं, ना आनंद व्हायचा. आतून काहीतरी बंद पडलं होतं. वैजनाथचं लग्न झालं तेव्हा तो मांडवात बसून राहिला. नात झाली तेव्हा "बरं झालं" म्हणाला आणि पुन्हा बिडी शिलगावली. वैजनाथनं पोरीचं नाव राजकन्या ठेवलं. सगळ्यात लहान घरातली राजकन्या म्हणून गाव हसलं. देविदासला त्याचंही काही वाटलं नाही.

वैजनाथ पेंटर झाला. वेळही त्यानं बरोबर गाठली. मधल्या वर्षांत आपल्याकडं पाऊस पडो न पडो, लातूरचे क्लास मात्र वाढत होते आणि प्रत्येक क्लासला गावोगावच्या भिंती हव्या होत्या. 'डॉक्टर व्हायचंय? लातूरला या.' शिरूर अनंतपाळपासून उदगीरपर्यंत ही अक्षरं वैजनाथच्या हातची. नंतर नांदेडच्या एका क्लासवाल्यानंही त्याला बोलावलं. स्वतः दहावीला दोनदा आपटलेला हा माणूस 'बायोलॉजी'ची वेलांटी कधी चुकला नाही.

क्लासवाले पैसे चेकनं द्यायचे, आणि चेक देण्याआधी त्यातून थोडा टॅक्स कापून सरकारकडं पाठवायचे. वैजनाथला आधी वाटलं, मुकादम मजुरीतून आपला वाटा कापतो तसंच हे असेल. मग औशाच्या जिलानीनं त्याला समजावलं. जिलानीचं बसस्टँडसमोर दुकान होतं. झेरॉक्स, रेल्वेची तिकिटं, पॅनकार्ड, नोकरीचे अर्ज, सगळं एकाच टेबलावर.

"तुझी सालाची कमाई अडीच लाखाच्या लई खाली हाय," जिलानी म्हणाला होता. "तुला टॅक्स बसतच न्हाई, भाऊ. पन त्यांनी कापलेलं परत पायजे असंल तर रिटर्न भरावं लागतंय. न्हाई भरलं तर गेलं समज."

वैजनाथनं रिटर्न भरलं. कापलेले पैसे चार-पाच महिन्यांनी खात्यावर परत आले, त्यात राजकन्येचा गणवेश झाला. दर पावसाळ्यात तो औशाला जाऊन हे काम करू लागला. एवढी साधी गोष्ट.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर मात्र त्यानं चपला काढता काढता बापाला सांगितलं, "इन्कमटॅक्सचं भरून आलो, दादा."

देविदास बाजेवर पडला होता. तो उठून बसला.

"काय भरून आलास?"

"इन्कमटॅक्सचं. रिटर्न. आता दर साली भरावं लागतंय."

"आपल्याला?"

"आता कामंच तसली करतोय ना मी. क्लासवाल्याची," वैजनाथ म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्याला भूक लागली होती. रिटर्न म्हणजे काय आणि परत काय येतं हे सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

देविदास बसून राहिला. इन्कमटॅक्स हा शब्द त्यानं ऐकलेला होता. लातूरचे आडतवाले भरायचे, कारखान्याचे साहेब भरायचे. लग्न जुळवताना पोराकडचे लोक आवाज खाली आणून सांगायचे, 'इन्कमटॅक्स भरणारं घर आहे.' म्हणजे जे ट्रक भरून पाठवतात त्यातलं घर. देविदासनं हातातली बिडी तशीच विझू दिली. छातीत काहीतरी हललं, आणि इतक्या वर्षांनी हललं म्हणून त्याला आधी भीतीच वाटली. मग कळलं की आपल्याला बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तो गुरुपादप्पाच्या हॉटेलात गेला. गुरुपादप्पा त्याच्याच वयाचा, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत त्याच्या शेजारी राहिलेला, तोंडानं फाटका आणि मनानं धड. देविदासनं चहा मागवला आणि जरा वेळानं, इतर कुणाला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात म्हणाला, "आमच्या वैजूनं काल इन्कमटॅक्स भरला."

"आँ?"

"भरावं लागतंय. दर साली."

गुरुपादप्पानं किटली खाली ठेवली. "मग आजच्या चहाचे पैसे दे. टॅक्सवाल्याला उधार देत न्हाई मी."

लोक हसले, देविदासही हसला. देविदास हसल्यामुळं लोक गप्प झाले आणि एकमेकांकडं बघू लागले. त्या दिवसापासून हा हॉटेलातला ठरलेला खेळ झाला. पावसाळा लागला की गुरुपादप्पा विचारायचा, "काय देविदास, औंदा टॅक्स भरला का न्हाई?" आणि देविदास मान डोलवून म्हणायचा, "भरला की." नवा रस्ता झाला तेव्हा त्यानं त्यावरून दोनदा चालून पाहिलं. त्यात आपलं चिमूटभर आहे असं त्याला वाटलं. नातीलाही तो सांगायचा, "शाळेत कुनी इचारलं तर सांग, आमी सरकारला देतो म्हनावं." राजकन्या लहान होती तोवर सांगायची. मोठी झाल्यावर तिनं सांगायचं बंद केलं, पण आजोबाला कधी तोडून बोलली नाही.

राजकन्या दहावीला तालुक्यात पहिल्या पाचांत आली. तिच्या बापानं जिल्हाभर जे लिहून ठेवलं होतं तेच तिला करायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी लातूरला जायचं होतं. ज्या क्लासची जाहिरात वैजनाथ रंगवत होता त्याची फी त्याला ठाऊक होती. भिंतीवर फी लिहीत नाहीत, पण पेंटरला कळतेच. दोन वर्षांची फी आणि राहणं-जेवण धरलं तर त्याच्या वर्षभराच्या भिंतीही पुरल्या नसत्या.

एक रस्ता होता. लातूरला एक संस्था होती. भूकंपाच्या वेळी मदत घेऊन आलेल्या लोकांनी ती पुढं चालू ठेवली होती. ती दर वर्षी भूकंपग्रस्त गावांतल्या गरीब घरच्या मुली निवडायची आणि दोन वर्षं वसतिगृह, क्लास, पुस्तकं, सगळं करायची. अट सरळ होती. मुलगी हुशार असावी आणि घरात कुणी आयकर भरणारं नसावं. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. राजकन्येच्या मार्कांवर शाळेचे सर म्हणाले होते, "हिचं काम झाल्यातच जमा आहे." नाही झालं तर जवळच्याच कॉलेजात आर्ट्स होतं, आणि आर्ट्सच्या मागोमाग लग्न होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

संस्थेचे लोक घर बघायला आले तेव्हा वैजनाथ उदगीरला किल्ल्याजवळच्या एका भिंतीवर होता. राजकन्या शाळेतून दाखला आणायला गेली होती. घरात देविदास आणि सून लक्ष्मम्मा. पाहुण्यांमध्ये एक मध्यमवयीन बाई आणि एक तरुण. बाईंनी चपला बाहेर काढल्या, देविदासला नमस्कार केला आणि लक्ष्मम्मा "बसा बसा" म्हणेपर्यंत खाली सतरंजीवर बसल्याही. देविदासला बाई आवडल्या.

लक्ष्मम्मा आत चहा ठेवायला गेली. देविदासनं मागून हळूच सांगितलं, "दुधाचा कर. साखर बगू नको." आलेल्या माणसाला काही देता येतं याचं त्याला आता फार अप्रूप होतं.

बाई सहज गप्पा मारल्यासारखं विचारत होत्या. घरात किती माणसं, शेती आहे का, पाणी कुठून आणता. मग भूकंपात कोण गेलं ते विचारलं. देविदासनं दोन नावं सांगितली. नेहमी सांगतो तशी, पत्ता सांगावा तशी.

"आणि आजोबा, घरात आयकर वगैरे कुणी भरतं का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक घरात विचारत आणि प्रत्येक घरातले लोक हसून नाही म्हणत. त्यांचं अर्धं लक्ष पुढच्या प्रश्नाकडं होतं.

"आयकर म्हंजे?"

"इन्कमटॅक्स."

देविदास ताठ बसला.

"हाव, भरतो की," तो म्हणाला. "चार सालं झाली. एक साल चुकवलं न्हाई."

बाईंनी तरुणाकडं पाहिलं. "नक्की ना आजोबा? तुमचा मुलगा भरतो?"

"पोरगाच भरतोय. औशाला जाऊन. तुमी कुनालाबी इचारा, सगळ्या गावाला ठावं हाय." आणि समोरच्या दोघांच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं जोडलं, "तवा तुमीच आमाला लई दिलं, बाई. आता आमीबी देतोय."

चहा आला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, लक्ष्मम्माची चौकशी केली, जाताना देविदासला पुन्हा नमस्कार केला. देविदास जीपपर्यंत पोचवायला गेला. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

निवड झालेल्या मुलींना शाळेत फोन आले. राजकन्येला आला नाही. दोन दिवस वाट बघून वैजनाथनं संस्थेत फोन केला. पलीकडून तोच तरुण बोलला. तो अवघडला होता. "मुलीचे मार्क उत्तम आहेत हो. पण आयकर भरणाऱ्या घरांना आम्ही घेत नाही. तुमच्या वडिलांनी स्वतः सांगितलं."

वैजनाथ ओसरीवर उभा होता. फोन खिशात ठेवून तो भिंतीला टेकला. देविदास कधी भिंतीला टेकत नसे, त्याची बाज नेहमी अंगणाच्या मधोमध असायची. तिथूनच त्यानं विचारलं, "काय म्हनलेत?"

"दादा, तुमी त्यास्नी सांगितलं का, आपन इन्कमटॅक्स भरतो म्हनून?"

"हाव."

वैजनाथ चिडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि लहान पोराला सांगावं तसं सांगू लागला. क्लासवाला कापतो, जिलानी कागद भरतो, कापलेलं परत येतं. अडीच लाखाची रेघ आहे, आपण तिच्या खूप खाली आहोत. आपल्याला टॅक्स बसत नाही, कधी बसलाच नाही.

"मंग तू दर साली काय भरून येतूस?"

"कागद, दादा. रिटर्न म्हंजे कागद. आपले पैसे आपल्याला परत द्या म्हनून अर्ज."

"म्हंजे सरकारला आपलं काईच जात न्हाई."

"न्हाई."

"उलट येतंय."

"आपलंच असतंय ते, दादा."

"येतंय का न्हाई?"

"येतंय," वैजनाथ म्हणाला.

देविदासनं मान हलवली. लक्ष्मम्मा दारात उभी राहून डोळे पुसत होती. राजकन्या आतच होती. देविदासला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. लाज, नाही तर राग. तो वाट बघत बसला. काही आलं नाही. शेडातल्या दिवसांत होतं तसंच सगळं पुन्हा सपाट झालं, आणि ती जागा ओळखीची असल्यामुळं त्याला तिथं फारसं अवघडही वाटलं नाही.

वैजनाथ दुसऱ्या दिवशी जिलानीकडं गेला. जिलानीनं आधी कपाळावर हात मारला, मग कामाला लागला. चार वर्षांची रिटर्नं छापून दिली, जिथं टॅक्सच्या जागी शून्य होतं तिथं पेननं गोल केले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. "चाचांना बोल लावू नको," तो म्हणाला. "आपनच 'भरतो, भरतो' म्हनतो. त्यांनी काय समजावं?"

संस्थेनं कागद बघितले. बाईंना खरं म्हणजे आनंदच झाला. पण निवड समितीची होती. एक जागा अजून शिल्लक होती आणि तिच्यावर दुसऱ्या गावच्या मुलीचं नाव जवळपास ठरलं होतं. समितीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले की कागदाला शून्य दाखवणारे खूप असतात, आम्हाला माणसाच्या तोंडून ऐकायचंय. आजोबांनी एक सांगितलं, मुलगा दुसरं सांगतोय. आजोबांनाच घेऊन या.

देविदासनं विचारलं, "काय सांगायचंय मी?"

"खरं तेवढं," वैजनाथ म्हणाला. "भरत न्हाई म्हनून."

निघायच्या दिवशी देविदासनं पेटीतून काळा कोट काढला. अंगात चढवला आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, काढून परत ठेवला. किल्लारीच्या चौकात त्यांना लातूरची जीप मिळाली. वाटेत रस्त्याकडेच्या प्रत्येक गावात वैजनाथची अक्षरं दिसत होती. डॉक्टर व्हायचंय? लातूरला या. राजकन्या खिडकीबाहेर बघत होती. एरवी ती बापाची भिंत दिसली की बोट दाखवायची.

संस्थेचं ऑफिस स्वच्छ होतं. लांब टेबलामागं चार माणसं, त्यात त्या बाई. देविदासला खुर्ची दिली. वैजनाथ आणि राजकन्या दाराशी उभे राहिले. बाईंनी त्या दोघांना आत बसायला सांगितलं, पण तेवढ्यात वयस्क गृहस्थ बोलू लागले होते. आवाज मायाळू होता.

"आजोबा, घाबरू नका. एवढंच सांगा. तुमच्या घरात इन्कमटॅक्स भरतात का?"

देविदासला उत्तर पाठ होतं. जीपमध्ये त्यानं ते मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण प्रश्न कानावर पडला आणि जीभ आपल्या सवयीनं वळली. "भर..." एवढं तोंडातून निघालंसुद्धा. चार वर्षांत या प्रश्नाला त्यानं दुसरं उत्तर दिलंच नव्हतं. मागं वैजनाथनं श्वास ओढलेला त्याला ऐकू आला. त्यानं वळून बघितलं. राजकन्या त्याच्याकडं बघत होती. डोळे मोठे, नागाबाईचे. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती आपल्या बोलण्याची आहे, आजोबा आता काय सांगतील याची आहे, हे त्याला दिसलं.

तो पुन्हा टेबलाकडं वळला.

"न्हाई साहेब. आमी न्हाई भरत."

"मग त्या दिवशी...?"

"समजलं न्हवतं मला. आमी कदीच भरला न्हाई." गृहस्थ अजून बघत होते, त्यांना आणखी काहीतरी हवंय असं देविदासला वाटलं, म्हणून त्यानं सगळंच देऊन टाकलं. "आमी घेनारी मानसं, साहेब. पयल्यापासून. ट्रक आले तवापासून घेतोय. पोराला बी सरकारकडूनच येतंय. देनारी आमी न्हाई."

बाई चटकन म्हणाल्या, "असं बोलू नका हो, आजोबा." गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. कुणी काही लिहिलं, कुणी मान डोलावली. ती जागा राजकन्येला मिळाली. दुसऱ्या गावच्या मुलीचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि देविदासनं विचारलंही नाही.

त्याच दिवशी पुढच्या हॉलमध्ये निवडलेल्या मुलींना सामान देणार होते. गादी, चादर, बादली, पुस्तकांचं दप्तर. पालकांनाही बोलावलं. वैजनाथ जिन्याखाली रडत होता, आनंदानं का आणखी कशानं ते त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून राजकन्येबरोबर देविदास पुढं गेला. फोटोवाला पंचविशीचा पोरगा होता, सकाळपासून लोकांना नीट उभं करून कंटाळला होता. कुणी हात खिशात घालायचं, कुणी भलतीकडं बघायचं.

देविदास टेबलासमोर आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. दोन्ही हात पुढं गेले, मान थोडी खाली झाली आणि नजर बरोबर कॅमेऱ्यावर आली. हातांवर चादर ठेवली गेली.

"व्वा," फोटोवाला खूश होऊन म्हणाला. "आजोबांना बघा सगळ्यांनी. असं पाहिजे."

राजकन्येनं ती चादर त्याच्या हातांतून काढून घेतली. मग दुसऱ्या हातानं त्याचे पुढं राहिलेले हात खाली केले.

तिला वसतिगृहावर सोडून बापलेक संध्याकाळी गावात उतरले. वैजनाथ घराकडं गेला. देविदास म्हणाला, "मी येतो मागनं," आणि हॉटेलाच्या बाकावर जाऊन बसला. पावसाळा लागून बरेच दिवस झाले होते. हॉटेलात चार-पाच जण होते. देविदास लातूरला कशाला गेला होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. वैजनाथनं ती गोष्ट गावात जाऊ दिली नव्हती. गुरुपादप्पानं न मागता चहा पुढं ठेवला आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"काय टॅक्सवाले," तो म्हणाला. "औंदा इचारायचं राहूनच गेलं. भरला का न्हाई?"

बाकीच्यांनी हसायची तयारी केली.

देविदासनं बशीत चहा ओतला. तो निवेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "औंदा भरला."

आणि त्यानं चहाचे पैसे काढून बाकावर ठेवले.